चार चाकं आहेत ना, मग चारचाकीचे पैसे! पार्किंगची पावती आणि निळी चौकट

ज्यांना हा भाग बसमध्ये, लेक्चरला किंवा मीटिंगमध्ये गुपचूप वाचायचाय, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मधेमधे आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

००:४० – मामांची स्कूटर

मी मूळचा राहात्याचा. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. सुट्टीला घरी गेलो की एक गुरुवार ठरलेला असतो. मामांबरोबर शिर्डीला जायचं. राहात्यापासून शिर्डी म्हणजे नगर-मनमाड रस्त्याने दहा-पंधरा मिनिटं. मामांना लहानपणी पोलिओ झाला होता. त्यांच्या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंना साइड व्हील लावलेत. पुढे ते, मागे मी. वयाने मी मोठा झालो तरी त्या स्कूटरवर मी भाचाच.

यावेळी देवळापासून थोड्या अंतरावर एका खाजगी प्लॉटवर गाडी लावली. गेटवरच्या पोराने स्कूटरकडे बघितलं, चाकं मोजली आणि पावती फाडली. पन्नास रुपये. दुचाकीचे वीस होते, बोर्डावर तसं लिहिलेलंच होतं. मी विचारलं, "अरे, ही स्कूटर आहे ना?" तो म्हणाला, "चार चाकं आहेत ना दादा, मग चारचाकीचे पैसे."

मला हसू आलं, मग राग आला. मामा म्हणाले, "जाऊ दे रे, पोरगं आहे ते. रोजचंच आहे." मला लागलं ते त्यांचं 'रोजचंच' हे बोलणं. पुढे कळलं की मामांनी गुरुवारी शिर्डीला जाणं जवळजवळ बंदच केलंय. कारण पैसे नव्हते. गाडी लावायला सांगतात ती जागा प्लॉटच्या अगदी टोकाला, ढेकळांत असते. तिथून कुबड्या घेऊन गेटपर्यंत येणं म्हणजे दर्शनापेक्षा मोठी यात्रा.

घरी येऊन मी ती पावती नीट वाचली. खाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या: 'पावती हरवल्यास २०० रुपये दंड' आणि 'गाडीची जबाबदारी मालकाची'. तिथून हा भाग सुरू झाला. असा दंड कोण लावू शकतं? ती जबाबदारी खरंच फक्त मालकाची असते का? आणि दिव्यांगांची राखीव जागा नक्की कोणासाठी, किती आणि कुठे?

०३:१५ – कागद एकसारखा दिसतो, पण तीन वेगळे कागद असतात

गाडी लावल्यावर हातात येणारे किंवा काचेवर चिकटणारे कागद तीन प्रकारचे.

पहिला, पोलिसांचं चलान. हा खरा सरकारी दंड, मोटार वाहन कायद्याखालचा. नो पार्किंगसाठी साधारणपणे कलम १७७ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत. गाडी उचलून न्यायची किंवा चाकाला जॅमर लावायचा, तर कलम १२७ म्हणतं की त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने तसं अधिकृत केलं पाहिजे. टोइंगची व्हॅन ठेकेदाराची असू शकते, हुकूम मात्र पोलिसाचाच.

दुसरा, नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या ठेकेदाराची पावती. जागा सार्वजनिक, वसुली खाजगी माणसाची. इथे दर ठेकेदाराच्या मनावर नसतो. तो पालिकेने ठरवून करारात लिहिलेला असतो. म्हणजे तो करार मागवता येतो. कसा, ते पुढे सांगतो.

तिसरा, निव्वळ खाजगी पावती. मॉल, दवाखाना, लॉन्स किंवा आमच्याकडे असतो तसा रस्त्याकडेचा प्लॉट. इथे तुमचं आणि जागामालकाचं नातं कराराचं आहे. तो जागा देतो, तुम्ही पैसे देता. तो पोलीस नाही, पालिका नाही. पावतीवर 'दंड' असा शब्द छापला म्हणून त्याला दंड करायचा अधिकार मिळत नाही.

एक धोक्याची सूचना, कारण आपण सगळे मोबाईलवाले. 'तुमचं चलान थकलंय' असा मेसेज आणि सोबत एपीके फाईल आली तर ती उघडायची नाही. खरं चलान फाईल इन्स्टॉल करून दिसत नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या किंवा परिवहनच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकायचा आणि तिथेच बघायचं.

०६:३० – पावतीमागची बारीक अक्षरं

आता त्या दोन ओळींकडे येऊ.

'पावती हरवल्यास २०० रुपये दंड.' यावर उत्तर देणारा कायदा १८७२ चा आहे, भारतीय करार कायदा. त्याचं कलम ७४ साध्या भाषेत असं: करारात आधीच एखादी रक्कम लिहून ठेवली असली, तरी करार मोडल्यावर समोरच्याला मिळते ती *वाजवी* भरपाई. लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. म्हणजे २०० लिहिलं म्हणून आपोआप २०० होत नाहीत.

पण ठेकेदाराची बाजूही ऐकून घ्या. पावती नसताना तो कोणालाही गाडी काढू द्यायला लागला तर चोराचं फावेल. म्हणून गाडी तुमचीच आहे याची खात्री त्याने मागणं बरोबरच आहे. त्यासाठी डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधलं आरसी दाखवा, ते ग्राह्य असतं. गाडी किती वेळ होती ते कळत नसेल तर त्याने दिवसभराचे पैसे मागणं एकवेळ समजू शकतं. त्यावर आणखी दोनशे कशाचे, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अन्याय्य करार' ही कल्पनाच आणली आहे. करार मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लावणं हे त्यातलं एक उदाहरण.

आणि सर्वात सोपा उपाय: पावती हातात पडली की लगेच फोटो काढा. पावती दिलीच नाही तर मागा. सेवेची पावती न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे.

दुसरी ओळ, 'गाडीची जबाबदारी मालकाची', म्हणजे आपली नेहमीची 'ॲट ओनर्स रिस्क'. यावर सुप्रीम कोर्टाचा १४ नोव्हेंबर २०१९ चा निकाल आहे, ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स. १९९८ मध्ये दिल्लीत एक पाहुणा हॉटेलात आला, मारुती झेनची चावी व्हॅलेकडे दिली. बाहेर आला तर गाडी चोरीला गेलेली. टॅगवर छापलेलं होतं की जबाबदारी मालकाची. कोर्ट म्हणालं, चावी घेऊन गाडी ताब्यात घेतलीत म्हणजे ती तुमच्याकडे सोपवली गेली. आता नीट काळजी घेतली होती हे तुम्ही दाखवा. स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी छापील ओळीने झटकता येणार नाही.

इथे एक बारकावा आहे. तो निकाल व्हॅलेबद्दल, म्हणजे चावी दिल्याबद्दल आहे. तुम्ही स्वतः गाडी लावली आणि चावी खिशात ठेवली, तर गाडी 'सोपवली' की फक्त जागा भाड्याने घेतली, हा वाद उभा राहतो आणि तुमची बाजू थोडी कमजोर होते. पण एवढं नक्की की ती छापील ओळ म्हणजे देववाणी नाही.

मॉलने मुळात पार्किंगचे पैसे घ्यावेत का, हे खूप जण विचारतात. यावर देशात एकच उत्तर नाही. गुजरात उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये 'नाही' म्हटलं, केरळ उच्च न्यायालयाने 'घेता येतात' म्हटलं. त्यात आज जास्त शिरत नाही, कारण मला त्या निळ्या चौकटीबद्दल बोलायचंय.

११:०० – माझी स्वतःची चूक

आधी कबुली. दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका मॉलच्या तळघरात जागा मिळत नव्हती. लिफ्टच्या बाजूला व्हीलचेअरचं चित्र असलेली चौकट रिकामी होती. 'पाचच मिनिटं' म्हणून मी तिथे गाडी लावली. पाचाची वीस झाली. परत आलो तेव्हा एक काका आपल्या गाडीत बसून होते, मागच्या सीटवर त्यांची बायको, डिकीत घडी केलेली व्हीलचेअर. ते वाट बघत होते. काही बोलले नाहीत. मी गाडी काढली, त्यांनी लावली. मी 'सॉरी' म्हणालो. काकांनी मान हलवली आणि खाली उतरून डिकी उघडायला लागले.

बाजूला दुसरी साधी जागा तेव्हा रिकामी झाली होती. तिथे का नाही लावली त्यांनी, असा प्रश्न मला पडला होता. लाज वाटते सांगायला, पण पडला होता. त्याचं उत्तर मापात आहे.

१२:२० – ३.६ मीटर कशासाठी?

महाराष्ट्रात मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रं सोडून जवळपास सगळीकडे डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली चालते. तिला यूडीसीपीआर म्हणतात, म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली. राहाता नगरपरिषदेलाही तीच लागू. तिच्यात दिव्यांगांसाठीच्या अडथळामुक्त प्रवेशाचं प्रकरण आहे. शाळा, दवाखाने, सभागृहं, व्यापारी संकुलं अशा लोकांच्या वापराच्या मोठ्या इमारतींसाठी. त्यात पार्किंगबद्दल तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्यात:

– प्रवेशद्वाराजवळ, जमिनीच्या पातळीवर, दोन गाड्यांची जागा. दारापर्यंतचं अंतर जास्तीत जास्त ३० मीटर.
– जागेची रुंदी कमीत कमी ३.६ मीटर.
– जागा राखीव आहे हे ठळक दिसेल असा बोर्ड.

साध्या कारच्या जागेची रुंदी अडीच मीटर असते. मग वरचा मीटरभर कशाला? चौकटीवर आखलेल्या तिरप्या पट्ट्या बघितल्यात का कधी? ती जागा रिकामी राहण्यासाठीच असते. कारचा दरवाजा पूर्ण उघडायचा, त्याला लागून व्हीलचेअर उभी करायची, तिचे ब्रेक लावायचे, मग अंग सरकवत सीटवरून खुर्चीत यायचं. शेजारी दुसरी गाडी चिकटून उभी असेल तर दरवाजा अर्धाच उघडतो आणि माणूस आत अडकतो. त्या काकांनी साध्या जागेत गाडी लावली असती, तर काकूंना उतरताच आलं नसतं.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, 'मी चौकटीत नाही, फक्त पट्ट्यांवर बाईक लावली' हे चालत नाही. पट्ट्यांवरची बाईक म्हणजे दारावर लावलेलं कुलूप. दोन, 'गाडीतच बसून आहे, कोणी आलं की काढतो' हेही चालत नाही. येणारा माणूस ती जागा भरलेली बघतो आणि पुढे निघून जातो. तुम्हाला कधी कळतच नाही की कोणीतरी आलं होतं.

१५:३० – मग तिथे गाडी लावायचा हक्क कोणाचा?

इथे आपल्याकडे खरी गोची आहे. इंग्लंडमध्ये 'ब्लू बॅज' असतो. स्थानिक परिषद तो *माणसाला* देते, गाडीला नाही. ज्या गाडीत तो माणूस असेल तिच्या काचेमागे ठेवायचा. आपल्याकडे असा देशभर चालणारा एकच पार्किंग पास नाही. मग ओळखायचं कसं? तीन गोष्टी आहेत.

पहिली, यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचं दिव्यांगांचं ओळखपत्र. दुसरी, गाडीचं आरसी. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नोंदणी अर्जात मालकीच्या प्रकारांत 'दिव्यांगजन' हा प्रकार घातला गेला. तिसरी, 'ॲडाप्टेड व्हेइकल' ही नोंद. दिव्यांग व्यक्तीसाठी मुद्दाम बनवलेली किंवा बदलून घेतलेली गाडी. पूर्वी कायद्यात याला 'इनव्हॅलिड कॅरेज' असा कडवट शब्द होता, तो २०१९ च्या दुरुस्तीत गेला. मामांची स्कूटर याच प्रकारातली. म्हणजे गेटवरच्या पोराने चाकं मोजली, पण कायदा चाकं मोजत नाही. गाडी कोणासाठी बदलली, हे बघतो.

बाजारात मिळणारा व्हीलचेअरचा स्टिकर हा पुरावा नाही. तो कोणीही विकत घेऊन चिकटवतो. ते चित्र मात्र जगभर एकच आहे. १९६८ मध्ये सुझान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीने ते काढलं, तेव्हा त्याला डोकं नव्हतं. नुसती खुर्ची होती. खुर्चीत माणूस आहे हे दिसावं म्हणून डोक्याचा गोल नंतर जोडला गेला. मला ही गोष्ट फार आवडते.

आणि आता उलट बाजू. 'धडधाकट दिसतोय, उतरून चालत गेला, खोटारडा!' असं म्हणून कोणाचा व्हिडिओ काढू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात हिमोफिलिया आहे, सिकल सेल आहे, पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. यातलं बरंचसं लांबून दिसत नाही. दहा पावलं नीट चालणारा माणूस शंभराव्या पावलाला कोसळू शकतो. विचारायचं असेल तर कर्मचाऱ्याने, शांतपणे, कार्ड बघून विचारावं. त्याच कायद्याचं कलम ९२ हेही सांगतं की दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत अपमानित करण्याच्या हेतूने बोललं, धमकावलं, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

एक गैरसमजही काढून टाकू. राखीव जागा म्हणजे फुकट जागा नव्हे. या कायद्यात जागा सुगम करण्याबद्दल लिहिलंय, फुकट पार्किंगबद्दल नाही. कुठे फी माफ असेल तर ते तिथल्या बोर्डावर किंवा पालिकेच्या ठरावात असेल. मामांनाही फुकट नको होतं. त्यांना वीसचे पन्नास नको होते, आणि ढेकळं नको होती.

१९:४५ – पण इमारतच नसेल तर?

आता आमच्या शिर्डी रस्त्याची खरी अडचण. नियम म्हणतो 'इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ३० मीटर'. पण गावोगावचं देवस्थानांजवळचं पार्किंग म्हणजे मोकळा प्लॉट, एक गेट, एक छत्री आणि पावतीपुस्तक. इमारतच नाही, तर बांधकामाचा नियम कुठे लावणार?

इथे २०१६ चा कायदा कामाला येतो. कलम ४६ म्हणतं की *सेवा देणारे, मग ते सरकारी असोत की खाजगी*, त्यांनी आपल्या सेवा सुगमतेच्या नियमांप्रमाणे दिल्या पाहिजेत. पैसे घेऊन गाडी लावू देणं ही सेवाच आहे. कलम ४१ मध्ये बसस्टॉप, रेल्वे स्टेशन आणि विमानतळांच्या बाबतीत तर 'पार्किंगच्या जागा' असा थेट उल्लेख आहे. कायद्याचं पालन केलं नाही तर कलम ८९ खाली पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत. बघा, हा खरा 'दंड'. पावतीवर छापलेला नव्हे.

मग पाळलं का जात नाही? एक कारण सुप्रीम कोर्टानेच सांगितलं. राजीव रतुरी हे दृष्टिबाधित याचिकाकर्ते २००५ मध्ये कोर्टात गेले. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने म्हटलं की कायदा 'केलंच पाहिजे' म्हणतो, आणि नियम १५(१) मात्र बऱ्याचशा मार्गदर्शक सूचनांवर सोडून देतो. सूचना म्हणजे शिफारस. हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला गेला, आणि तीन महिन्यांत सक्तीची किमान मानकं वेगळी काढा असं केंद्राला सांगितलं. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर द्यायला हवा होता तिथे नुसती वॉर्निंग येत होती, आणि वॉर्निंग कोण वाचतं?

दुसरं कारण आपल्या मापांत आहे. नियम दोन *कारच्या* जागा मागतो. खेड्यापाड्यांत दिव्यांग माणूस येतो तो साइड व्हीलच्या स्कूटरवर, नाहीतर तीनचाकी सायकलवर. दुचाकीची जागा मीटरभर रुंद. त्यात साइड व्हीलची गाडी कशीबशी घुसली तरी उतरायला, कुबड्या टेकायला बाजूला जागा उरत नाही. आणि कारच्या रांगेत लावली तर पन्नासची पावती. मामा या दोन रांगांच्या मधे अडकले होते.

२३:१० – इंग्लंडहून आलेला फोन

हे सगळं वाचत असताना कॉलेजचा रूममेट आठवला. तो इंग्लंडमध्ये असतो. त्याला एका दुकानाच्या पार्किंगमधून नोटीस आली होती, वेळेपेक्षा जास्त थांबला म्हणून. नोटिशीवर मोठ्या अक्षरांत 'पीसीएन'. त्याला वाटलं पोलिसांचीच. तिकडे याच तीन अक्षरांचे दोन अर्थ आहेत. परिषदेची असेल तर 'पेनल्टी चार्ज नोटीस', म्हणजे सरकारी दंड. खाजगी कंपनीची असेल तर 'पार्किंग चार्ज नोटीस', म्हणजे करारातली मागणी. रंग, मांडणी, धमकीचा सूर सारखाच.

पण तिकडे खाजगी नोटीस कचऱ्यात टाकून चालत नाही. २०१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बीव्हिस खटल्यात ८५ पौंडांचा चार्ज योग्य ठरवला. दोन तास फुकट होते, माणूस ५६ मिनिटं जास्त थांबला. बोर्ड ठळक होता आणि जागा फिरती राहण्यात कंपनीचा रास्त हेतू होता, असं कोर्ट म्हणालं. त्याच वेळी २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी जागेवर चाकाला क्लॅम्प लावायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे पैसे मागा, पण गाडी ओलीस ठेवू नका.

यातून मी एवढंच घेतलं की बोर्ड हाच करार असतो. तो दिसेल असा नसेल तर मालकाची बाजू पडते, आणि दिसत असूनही आपण वाचला नाही तर आपली.

२६:०० – फोन हातात आहे, तर काय करायचं?

फोटो. पावती, दराचा बोर्ड, राखीव चौकट, तिच्यात उभी असलेली गाडी किंवा रचलेलं सामान. नंबरप्लेट इन्स्टाग्रामवर टाकू नका, तक्रारीत टाका.

आधी व्यवस्थापक. गेटवरचा पोरगा पगारी आहे, नियम त्याने केलेला नाही. त्याच्याशी भांडून काही होत नाही.

पैशांची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

जागेची तक्रार असेल तर 'सुगम्य भारत' ॲप. मार्च २०२१ मध्ये आलंय, त्यात फोटोसकट तक्रार टाकता येते. नाहीतर लेखी अर्ज पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. त्यांना कायद्याने साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिलेत.

पालिकेचा ठेका असेल तर माहितीचा अधिकार. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. दोनच गोष्टी मागा: ठेक्याचा करार आणि दरपत्रकाचा ठराव.

'एका अर्जाने काय होतं' म्हणणाऱ्यांसाठी: २०२३ मध्ये मुंबईत फूटपाथवर असे खांब रोवले होते की व्हीलचेअर आत जाईना. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नागरिकाने ईमेल पाठवला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्या ईमेलवरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. एका ईमेलवरून!

२९:३० – फक्कीची रेघ

पुढच्या सुट्टीत मी त्या प्लॉटवर गेलो. कायद्याचे कागद घेऊन गेलो होतो, पण ते पिशवीतच राहिले. मालक चहा पाजून म्हणाले, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही हो. पण उद्या कोणीही उठून म्हणेल मी दिव्यांग, मग?" मी मामांच्या आरसीवरची नोंद दाखवली. म्हटलं, ही बघायची, नाहीतर कार्ड बघायचं. आणि दुचाकीचेच पैसे घ्यायचे. त्यांनी थोडा विचार केला आणि पोराला हाक मारली. गेटच्या आत, सपाट जमिनीवर, त्यांनी फक्कीने एक चौकट मारली. मी टेपने मापं घेतली, पोराने रेघा ओढल्या.

फक्कीच ती, पहिल्या पावसात गेली असणार. परवा मामांना फोन केला. ते गुरुवारी जाऊन आले होते. मी विचारलं, "रेघ आहे का अजून?" म्हणाले, "रेघ कुठली राहतीय! पण त्या पोरानं तिथं एक खुर्ची ठेवलीय. मला बघितलं की उचलतो." आणि मग, "वीसच घेतले बरं का."

रेघ पक्क्या रंगाची हवी, बोर्ड हवा, जमीन कडक हवी. ते सगळं मागायचंच आहे, अर्ज तयार आहे. तोपर्यंत तुम्ही एवढंच करा. पुढच्या वेळी ती निळी चौकट रिकामी दिसली, तर ती रिकामीच राहू द्या. कोणीतरी तिच्याकडेच येत असतं.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाचत राहा, आणि पावतीचा फोटो काढायला विसरू नका!